गोव्यात बारावीनंतरच्या प्रवेशाची तयारी: नववीपासून काय-काय करून ठेवायचे

बारावीचा निकाल लागला की प्रवेशाची धावपळ सुरू होते, असे आपण धरून चालतो. खरे तर तोपर्यंत बरेच काही ठरून गेलेले असते. अकरावीला कुठले विषय घेतले, दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव कसे छापले गेले, जातीचा दाखला वेळेत काढला का, डिसेंबरातल्या परीक्षेचा फॉर्म ऑक्टोबरात भरला का, या सगळ्याची उत्तरे निकालाआधीच झालेली असतात.

माझ्या दोन्ही मुलांचे प्रवेश होऊन गेले. थोरली अभियांत्रिकीला गेली, धाकट्याने कला शाखा घेतली. तेव्हापासून दरवर्षी मे महिना आला की आमच्या डिचोलीच्या वाड्यावरची मुले आणि त्यांच्या आया फाइल घेऊन घरी येतात. अडचणी दरवर्षी त्याच असतात आणि त्यातल्या बहुतेक दोन वर्षे आधी सहज सुटल्या असत्या. म्हणून हे सगळे एका ठिकाणी लिहून ठेवते आहे. परीक्षांच्या तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात, त्यामुळे मी महिने सांगते. नेमकी तारीख त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून घ्या.

१. नववीत: सगळ्या कागदांवर नाव एकच करून घ्या

जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेतली नोंद, हे तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. आता तुमचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि आईचे नाव इंग्रजीत अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

गोव्यात हे काम दिसते त्यापेक्षा नाजूक आहे. आपल्या घरांत आजोबांचे कागद पोर्तुगीज वळणाचे असतात. परब हे आडनाव आजोबांच्या कागदावर 'पी-ओ-आर-ओ-बी', तर वडिलांच्या आधारवर 'पी-ए-आर-ए-बी'. शेटचे स्पेलिंग एकीकडे 'एक्स'ने सुरू होते, दुसरीकडे 'एस-एच'ने. नाईकांच्या एकाच घरात शेवटचे अक्षर कुठे 'के' तर कुठे 'क्यू-यू-ई'. गावकर, कामत यांचीही तीच तऱ्हा. घरात यामुळे कुणाचे काही अडत नाही, पण ऑनलाइन अर्जाला परब कोण आणि पोरोब कोण हे कळत नाही. त्याला ती दोन वेगळी माणसे वाटतात.

वडिलांचे नाव मध्ये लिहायचे की नाही, हेही आताच ठरवा. एका कागदावर दोन शब्द आणि दुसऱ्यावर तीन, असे झाले की पुढे प्रत्येक खिडकीवर प्रतिज्ञापत्र मागतात.

दुरुस्तीचा क्रम जन्मदाखला, मग आधार, मग शाळा असा ठेवा. जन्मदाखल्यावर चूक असेल तर नोंद जिथे झाली त्या नोंदणी कार्यालयात जावे लागते. नुसती लिहिण्यातली चूक असेल तर काम लवकर होते. नाव किंवा आडनावच बदलायचे असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे आणि त्या प्रक्रियेला वेळ लागतो. म्हणून तर नववीत म्हणते.

दहावीच्या परीक्षेसाठी शाळा पर्वरीच्या बोर्डाकडे नावे पाठवते. त्याआधी वर्गात यादी फिरते आणि मुले मधल्या सुट्टीत गप्पा मारत सही ठोकून देतात. पालकांनो, त्या आठवड्यात स्वतः शाळेत जाऊन ती ओळ वाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव छापले जाते तेच पुढे नीट (वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा), जेईई (अभियांत्रिकी प्रवेशाची परीक्षा), विद्यापीठ, बँक, पासपोर्ट सगळीकडे धरले जाते.

२. दहावीनंतर: विषय निवडताना कुठले दार बंद होते ते आधी बघा

मैत्रिणी कुठे जातात यावर शाखा ठरवू नका हे सगळेच सांगतात. मी एक हिशेब करायला सांगेन. कागदावर एका बाजूला तुम्ही घेणार ते विषय लिहा आणि दुसऱ्या बाजूला त्या विषयांनी कुठले अभ्यासक्रम हातातून जातात ते लिहा.

विज्ञान शाखेत गणित सोडले तर अभियांत्रिकी आणि आर्किटेक्चर जवळजवळ गेलेच म्हणायचे. जीवशास्त्र सोडले तर एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी गेले. फार्मसीला दोन्ही गटांतून जाता येते. भौतिक, रसायन, गणित, जीव हे चारही विषय घेऊन दोन्ही दारे उघडी ठेवता येतात, पण त्याचे ओझे खरोखर मोठे असते. 'असू दे, बघू पुढे' म्हणून चारही घेऊ नका. डॉक्टरकीचा विचार नक्की असेल किंवा नक्की नसेल तर तीनच विषय बरे.

कॉमर्सच्या मुलांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी घ्यायची तर बारावीला गणित लागते. कॉमर्समध्ये गणिताचा पर्याय देणारी हायर सेकंडरी तुमच्या तालुक्यात आहे का, याची चौकशी दहावीच्या सुट्टीतच करा.

कला शाखेबद्दल मी थोडे जास्त लिहिणार, कारण आपल्याकडे तिथे गेलेल्या मुलांना प्रवेशाचे नियोजन लागतच नाही असे समजतात. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पत्रकारिता, मानसशास्त्र, डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट, बी.ए. आणि बी.एड. एकत्र असलेला अभ्यासक्रम, पणजीतल्या आल्तिनोचे कला महाविद्यालय हे सगळे रस्ते कला शाखेतून जातात. यातल्या काही परीक्षांचे फॉर्म तर नीटच्या आधी संपतात. माझ्या धाकट्याला घरच्या पाहुण्यांनी 'आता आराम' म्हणून मोकळे सोडले होते. प्रत्यक्षात त्याचे वेळापत्रक त्याच्या ताईपेक्षा आधी सुरू झाले.

आणि पॉलिटेक्निक विसरू नका. दहावीनंतर थेट तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. सरकारी पॉलिटेक्निक पणजीला आहे, आमच्या डिचोली तालुक्यात मये इथे आहे, कुडचड्यालाही आहे. डिप्लोमा चांगल्या गुणांनी पूर्ण केला की अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हाताने काम करण्याची आवड असलेल्या मुलाला अकरावी-बारावीच्या पुस्तकांत दोन वर्षे डांबून ठेवण्यापेक्षा हा रस्ता मला कितीतरी सरळ वाटतो.

३. बारावी कुठल्या राज्यातून देणार, याचा विचार करा

हा मुद्दा फार कमी लोकांना ठाऊक असतो. एनआयटीमध्ये, म्हणजे केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांमध्ये, निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांसाठी असतात, आणि तिथे 'आपले राज्य' कुठले हे घराच्या पत्त्यावरून ठरत नाही. बारावी कुठल्या राज्यातून उत्तीर्ण झालात यावरून ठरते. कुंकळ्ळीच्या एनआयटी गोव्यात आपल्या मुलांना जो फायदा मिळतो तो क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात, बेळगाव किंवा कोल्हापूरला जाऊन तिथूनच बारावी दिली तर हातचा जातो.

गोव्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश पर्वरीचे तंत्रशिक्षण संचालनालय करते. तिथेही गोव्यातले वास्तव्य आणि गोव्यातले शिक्षण यांच्या अटी असतात. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडून इकडे शिकायला येणाऱ्या मुलांनी आणि कामानिमित्त नव्याने गोव्यात राहायला आलेल्या कुटुंबांनी त्या अटींचे पान अकरावीचा प्रवेश घेण्यापूर्वी वाचावे. मागच्या वर्षीचे प्रॉस्पेक्टस संचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळते. ते उतरवून घ्या आणि पात्रतेचा भाग पेन्सिलने खुणा करत वाचा. कंटाळवाणे आहे, पण वाचाच.

४. अकरावीत: दाखले काढायला घ्या

दाखल्यांसाठी सर्वांत वाईट महिने म्हणजे मे आणि जून. तेव्हा मामलेदार कार्यालयात अर्धा तालुका उभा असतो. अकरावीचे वर्ष निवांत असते, तेव्हा हे काम उरका. बरेच अर्ज 'गोवा ऑनलाइन' पोर्टलवर भरता येतात, तरी मूळ कागद दाखवायला एखादी फेरी पडतेच असे धरून चाला.

वास्तव्याचा दाखला: किती वर्षांचे वास्तव्य दाखवायचे हे अभ्यासक्रमाप्रमाणे ठरते, म्हणून आधी प्रॉस्पेक्टस बघा आणि मगच अर्ज करा. शाळेचे दाखले, घरपट्टी, विजेचे बिल, पालकांचे मतदार ओळखपत्र हे पुरावे हाताशी ठेवा.

उत्पन्नाचा दाखला: हा लवकर काढून उपयोग नाही, त्याची मुदत संपते. पण त्यासाठी लागणारे पगारपत्रक किंवा आयकर विवरण वडिलांकडे आहे का, हे आताच विचारा.

जातीचा दाखला: यात सर्वांत जास्त वेळ जातो. उपजिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करताना वडिलांचा किंवा वडिलांकडच्या नातेवाइकाचा जुना दाखला लागतो, समाज संस्थेचे पत्रही मागतात. हे जुने कागद बहुधा मूळ घरी, काकांच्या कपाटात असतात. माझा सल्ला असा की चतुर्थीला सगळे मूळ घरी जमतात तेव्हाच विचारून टाका. आजोबा, काका, आत्या सगळे एका छपराखाली असतात. कुणाच्या नावावर कुठला कागद निघाला होता हे तिथेच कळते. फोनवर विचारलेत तर 'शोधून ठेवतो' या उत्तरावर तीन महिने जातात.

गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज २००३ पासून अनुसूचित जमातींत आहेत. घरातल्या त्याआधीच्या कागदावर ओबीसी लिहिलेले असू शकते. मुलाचा दाखला आजच्या वर्गवारीप्रमाणेच निघाला आहे ना, हे बघून घ्या.

ओबीसी मुलांसाठी सर्वांत मोठा सापळा पुढे आहे. राज्याच्या प्रवेशासाठीचा दाखला वेगळ्या नमुन्यात असतो आणि आयआयटी, एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांसाठीचा वेगळ्या. केंद्राचा नमुना इंग्रजीत ठरलेला आहे, त्यात नॉन-क्रिमी लेअरचा उल्लेख हवा, आणि तो प्रवेशाच्या वर्षातल्या १ एप्रिलनंतर काढलेला हवा. शिवाय तुमचा समाज केंद्राच्या यादीत आहे का, हेही बघावे लागते, कारण राज्याची आणि केंद्राची यादी एकच नाही. आर्थिक दुर्बल घटकांच्या दाखल्यालाही हेच एप्रिलचे बंधन आहे. म्हणजे मूळ जातीचा दाखला अकरावीत काढून ठेवायचा आणि ताजा नॉन-क्रिमी लेअर दाखला बारावीच्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मागायचा. हे दोन टप्पे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

५. अकरावीच्या सुट्टीत: तीन याद्या करा

पहिली यादी गोव्यातल्या व्यावसायिक संस्थांची. बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) आणि दंत महाविद्यालय, फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, पणजीचे फार्मसी, आल्तिनोचे आर्किटेक्चर, शिरोड्याचे आयुर्वेद आणि होमिओपॅथी, बांबोळीची नर्सिंग संस्था, वेर्णा, फातोर्डा, आसगाव, शिरोडा इथली खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये. वैद्यकीय शाखांना नीट लागते, आर्किटेक्चरला नाटा. अभियांत्रिकीला गोव्याची स्वतःची प्रवेश परीक्षा जीसीईटी की जेईई मेन, हा नियम गेल्या काही वर्षांत चर्चेत राहिला आहे. तुमच्या वर्षाच्या प्रॉस्पेक्टसमध्ये जे लिहिले असेल तेच खरे. शेजारच्या दादाने त्याच्या वेळचे सांगितले ते धरून बसू नका.

दुसरी यादी देशपातळीवरची. आयआयटी आणि एनआयटी तर गोव्यातही आहेत, झुआरीनगरला बिट्स ही खासगी संस्था आहे आणि तिची बिटसॅट ही वेगळी परीक्षा असते. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे. कायद्यासाठी क्लॅट, डिझाइनसाठी युसीड आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेची (एनआयडी) परीक्षा.

तिसरी यादी गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चे प्रवेश मुख्यतः बारावीच्या गुणांवर होतात. २०२३-२४ पासून इथे नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना आली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करता येते, आणि एक मुख्य विषय व एक उपविषय निवडावा लागतो. म्हणून महाविद्यालयाचे नाव बघून थांबू नका. तिथे मुख्य विषय कुठले मिळतात ते बघा. साखळी, खांडोळा, केपे, पेडणे इथल्या सरकारी महाविद्यालयांत शुल्क कमी आणि घर जवळ असते. त्यांना 'शेवटचा पर्याय' म्हणून हिणवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

यादीतल्या निदान दोन-तीन ठिकाणी चालत्या दिवशी जाऊन या. काणकोणहून फर्मागुडीला किंवा पेडण्याहून मडगावला रोज ये-जा करायची तर बस किती वाजता सुटते, किती ठिकाणी बदलावी लागते आणि शेवटची कधी, हे एकदा प्रवास करूनच कळते. प्रयोगशाळा उघडी आहे का, वाचनालयात मुले बसली आहेत का, हेही दिसते.

६. बारावीचे वर्ष: महिन्यांचा हिशेब

जुलै-ऑगस्ट ते ऑक्टोबर: क्लॅटचा फॉर्म. परीक्षा डिसेंबरात असते. कायद्याचा विचार करणारा मुलगा मार्चमध्ये जागा झाला तर उशीर झालेला असतो.

सप्टेंबर ते नोव्हेंबर: डिझाइनच्या परीक्षांचे फॉर्म. युसीड जानेवारीत होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: जेईई मेनच्या पहिल्या सत्राचा फॉर्म. दिवाळीच्या सुमारास, मुले रात्र-रात्र नरकासुराचे पुतळे करण्यात गुंतलेली असताना ही मुदत चालू असते. पहिले सत्र जानेवारीत, दुसरे एप्रिलमध्ये. दोन्हींतले चांगले गुण धरतात, म्हणून दोन्ही द्यावीत.

जानेवारी-फेब्रुवारी: प्रात्यक्षिके आणि बोर्डाची परीक्षा. याच दिवसांत नीटचा फॉर्म सुरू होतो आणि अभ्यासाच्या नादात राहून जातो. फॉर्म भरायची जबाबदारी या दोन महिन्यांपुरती पालकांनी घ्यावी.

जानेवारी ते मार्च: सीयूईटीचा फॉर्म, नाटाची नोंदणी, हॉटेल मॅनेजमेंटच्या परीक्षेचा फॉर्म.

मे: नीट बहुधा महिन्याच्या पहिल्या रविवारी, सीयूईटी त्यानंतर. गोव्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचे अर्जही साधारण याच हंगामात.

एक सूचना बोर्डाच्या गुणांबद्दल. 'प्रवेश परीक्षेवरच प्रवेश आहे, बोर्ड नुसते पास व्हायचे' हे क्लासमधले वाक्य ऐकून मुले बारावीकडे दुर्लक्ष करतात. आयआयटी आणि एनआयटीला बारावीत ७५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ६५. किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे सर्वांत जास्त गुणांच्या २० टक्के मुलांत, यावे लागते. एमबीबीएसला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ५० टक्के हवेत, राखीव गटांना ४०. नीटसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, हेही लवकर शाळेत घातलेल्या मुलांनी तपासावे.

क्लास लावायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. लावलात तर मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्या. दोन वर्षांचे शुल्क एकदम भरायला लावणाऱ्याकडे मी तरी मुलाला पाठवणार नाही.

७. फॉर्म भरताना

मुलाच्या नावाने एक ईमेल काढा, त्याचा पासवर्ड वहीत लिहा आणि सगळ्या अर्जांना तोच द्या. मोबाइल नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या ज्याचा फोन पुढची दोन वर्षे बदलणार नाही.

सायबर कॅफेतला माणूस घाईत स्वतःचाच नंबर आणि स्वतःचाच ईमेल टाकून देतो. त्या दिवशी काम झटपट होते. मग जूनमध्ये जागा मिळाल्याचा ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तो गावी गेलेला असतो. फॉर्म त्याच्याकडून भरून घेतला तरी स्क्रीनकडे तोंड करून शेजारी बसा. नाव, जन्मतारीख, वर्ग (म्हणजे खुला, ओबीसी असा गट), पत्ता मोठ्याने वाचून घ्या. 'वर्ग' या रकान्यात चुकून खुला गट निवडला गेला तर पुढे दाखला असूनही तो उपयोगी पडत नाही.

परीक्षेची भाषा निवडताना नीट, जेईईच्या यादीत मराठी दिसते आणि आपल्या भाषेच्या ओढीने मुले ती निवडायला जातात. आपल्याकडे प्राथमिक मराठीतून झाले तरी पाचवीपासून विज्ञान इंग्रजीतूनच शिकवले जाते. 'संवेग', 'संप्लवन' हे शब्द परीक्षेच्या दालनात पहिल्यांदा वाचायची वेळ आणू नका. मराठीवर माझे प्रेम कमी नाही. पण ज्या भाषेत दोन वर्षे गणिते सोडवली तीच भाषा पेपरला घ्यावी.

जवळ ठेवायच्या गोष्टी:

- दहावी व बारावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, अकरावीची गुणपत्रिका
- जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला
- आधार, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक), डिजिलॉकरचे खाते
- वास्तव्याचा, उत्पन्नाचा आणि लागू असल्यास जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेअरसह
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे ताजे फोटो; एकाच फोटोच्या बऱ्याच प्रती काढा, सगळीकडे तोच वापरा
- फोटो आणि सहीची स्कॅन, मागतील त्या केबी मर्यादेत
- विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते
- प्रत्येक अर्जाची पावती, पैसे भरल्याची नोंद आणि प्रवेशपत्र, छापील

८. परीक्षेचा दिवस

नीट दुपारी दोनला सुरू होते आणि दीडला फाटक बंद होते. रविवारी आपल्याकडे खासगी बस निम्म्यासुद्धा नसतात. वाळपई, सांगे, काणकोणकडून येणाऱ्यांनी बसवर अवलंबून राहू नये. दोन-तीन घरांनी मिळून गाडी करावी. जेईईचे सकाळचे सत्र नऊचे असते, केंद्र लांबचे असेल तर आदल्या रात्री नातेवाइकांकडे जाऊन राहणे शहाणपणाचे.

९. निकालानंतर: प्रत्येक दारावर वेगळा अर्ज

नीटचे गुण आले म्हणजे गोमेकॉचा अर्ज झाला, असे नाही. राज्याच्या जागांसाठी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. देशभरातल्या सरकारी महाविद्यालयांच्या १५ टक्के जागांसाठी केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे (एमसीसी) आणखी वेगळी नोंदणी लागते. तसेच जेईईचे: आयआयटी-एनआयटीसाठी जोसा (त्या संस्थांची एकत्रित जागावाटप प्रक्रिया), गोव्यातल्या महाविद्यालयांसाठी संचालनालय. गुण उत्तम असून फक्त हा दुसरा अर्ज न केल्यामुळे घरी बसलेली मुले मी पाहिली आहेत.

जोसामध्ये जागा मिळाल्यावर तीन शब्द समोर येतात. फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की. फ्लोट म्हणजे ही हातात ठेवून यादीतली वरची कुठलीही जागा मिळाली तर घेईन. स्लाइड म्हणजे संस्था हीच, पण वरची शाखा मिळाली तर घेईन. पहिल्या फेरीत घाबरून फ्रीझ करू नका. आणि पसंतीक्रम लिहिताना 'मिळेल का' याचा विचार न करता आवडीच्या क्रमाने लिहा. वर लिहिलेली जागा नाही मिळाली म्हणून खालची हातची जात नाही.

या फेऱ्या चालू असताना जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी. किंवा बी.कॉम.चा प्रवेश घेऊन ठेवा. नंतर सोडावा लागला तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, कारण शुल्क किती परत मिळेल हे त्या अर्जाच्या तारखेवरून ठरते. मूळ प्रमाणपत्रे कुणी ठेवून घेत असेल तर त्याचीही पावती मागा.

बारावीत एखाद्या विषयात अपेक्षेपेक्षा फारच कमी गुण पडले असतील तर उत्तरपत्रिकेची प्रत आणि फेरतपासणी यांसाठी बोर्डाकडे अर्ज करता येतो. मुदत थोडी असते, निकालाच्या दिवशीच चौकशी करा.

याच दिवसांत फोन येऊ लागतात. 'बेंगळुरूला मॅनेजमेंट कोट्यात एमबीबीएसची एकच जागा उरली आहे, आज टोकन भरा.' एमबीबीएसच्या व्यवस्थापन कोट्याच्या जागासुद्धा नीटच्या गुणांवर, अधिकृत समुपदेशनातूनच (जागावाटपाच्या फेऱ्यांतूनच) भरतात. फोनवरच्या माणसाला एक रुपयाही पाठवू नका.

१०. पैशाची सोय

शुल्काचा आकडा कळल्यावर धावण्यापेक्षा बारावीच्या मार्च-एप्रिलमध्येच घरात बसून बोला. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. तिचे निकष आणि कागद आधी वाचून ठेवा. ओबीसी आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना समाजकल्याण खात्यातून, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना आदिवासी कल्याण खात्यातून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी बर्सरी, म्हणजे आर्थिक मदतीची, योजना आहे. केंद्राच्या शिष्यवृत्त्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, पहिल्या वर्षी मंजूर झाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही.

वसतिगृहात राहणार असाल तर खाणावळ, अनामत आणि प्रवास धरून पहिल्या वर्षाचा एकूण खर्च काढा. प्रवेशाच्या पत्रात फक्त शिक्षण शुल्क मोठ्या अक्षरांत असते. बहुतेक संस्था रॅगिंगविरोधी हमीपत्र आणि डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र मागतात, ती दोन्ही निघण्याच्या आठवडाभर आधी तयार करा. मूळ कागदांची फाइल हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नको, आणि झेरॉक्सचा एक पूर्ण संच घरी आईकडे द्या.